माळ्यावरचा तंबाखूचा वास

“पिंपं चार हवीत,” ताई म्हणाली. “दोन पिंपांवर तराफा तरंगेल, पण आपण बुडू.”

“तीन का नाही चालणार?” शंकासुराने विचारलं.

“आणि दोरी माझ्याकडे आहे!” खिशा म्हणाला. त्याने खरोखरच खिशातून दोरीचं गुंडाळं काढलं. त्याबरोबर एक गंजका खिळा, अर्धं बिस्कीट आणि दाराची एक कडीही बाहेर आली. ही कडी कुठल्या दाराची, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

तिघं दुधाच्या खोलीत उलट्या बादल्यांवर बसली होती. बाहेर पाऊस पडत होता. या भागात पाऊस पडत असतो किंवा पडायच्या बेतात असतो, तिसरा प्रकार क्वचितच. ताई आणि तिचा धाकटा भाऊ सुट्टीसाठी मावशीकडे आले होते. धाकट्याला घरीदारी सगळे शंकासूरच म्हणत, कारण त्याला ‘जेवायला चल’ म्हटलं तरी तो ‘आत्ताच का?’ असं विचारी. खिशा हा मावशीचा मुलगा. ओढ्यावर तराफा सोडायचा बेत त्याचाच होता, आणि पिंपं द्यायचं कबूल केलं होतं ट्रॅक्टरदादांनी.

ट्रॅक्टरदादा मावशीच्या शेतावर ट्रॅक्टर चालवत, गाईंचं बघत आणि उरलेल्या वेळात मुलांच्या सगळ्या भानगडींत सामील होत. गोठ्याच्या बाजूच्या दोन खोल्यांत ते, त्यांची बायको आणि दात यायला लागलेली त्यांची मुलगी राहत.

“चला, त्यांनाच विचारू,” ताई उठली.

तेवढ्यात गोठ्यातून काकांचा आवाज आला. खिशाच्या बाबांचा आवाज मुळातच मोठा. त्यात आज तो चढलेला होता.

“तंबाखू! माझ्या माळ्यावर तंबाखू!”

मुलं धावली. गाई माना वळवून बघत होत्या. शिडीच्या पायथ्याशी ट्रॅक्टरदादा हातोडी घेऊन उभे होते आणि काका त्यांच्यासमोर कमरेवर हात ठेवून.

“मालक, मी पत्र्याला खिळे मारायला वर गेलो होतो. पत्रा गळतोय.”

“मग वास कसला येतोय? मला नाक नाही का? वर जाऊन बघ, पाइप ओढल्यासारखा वास सुटलाय! वर्षभराचं गवत आहे तिथं! एक ठिणगी पडली तर गोठा, गाई, सगळं खाक!”

“मी तंबाखू सोडून वर्ष झालं. मुलगी झाली त्या दिवशी सोडली.”

“मग काय मांजर ओढतं का पाइप?”

दादांनी मान खाली घातली. काकांनी त्यांच्याकडे बघितलं, मग हातोडीकडे बघितलं आणि एकदाचं सांगून टाकलं, “उद्या दुपारच्या बसने निघा तुम्ही. सामान बांधायला लागा. आणि पुन्हा त्या शिडीवर पाय ठेवायचा नाही.”

ताईला फार वाईट वाटलं. तिने खाली मान घातलेल्या दादांकडे पाहिलं आणि ते खरं बोलताहेत याबद्दल तिला तिळभर शंका उरली नाही. शंका घ्यायचं काम घरात दुसऱ्याकडे होतं.

* * *

“वास येतोय हे मात्र खरं,” शंकासूर हळूच म्हणाला. काका गेल्यावर तिघं शिडीवर चढून माळ्याच्या तोंडाशी आली होती. माळा आढ्यापर्यंत गवताने गच्च भरला होता. नाकाला थोडा गोडसर, थोडा तंबाखूसारखा वास जाणवत होता. गवताच्या ढिगावर मधोमध राणीसाहेब झोपल्या होत्या. राणीसाहेब म्हणजे घरची मांजर.

“दादा ओढत नसतील तर दुसरं कुणीतरी ओढतंय,” ताई म्हणाली. “चोरून वर येतं, ओढतं आणि जातं.”

“कोण?”

“तेच तर शोधायचं! उद्या दुपारच्या आत.”

“पीठ!” खिशा ओरडला. “शिडीच्या पायऱ्यांवर पीठ भुरभुरायचं! जो येईल त्याचे ठसे उमटतील!”

“पीठ कुठून आणणार?” शंकासूर म्हणाला.

खिशाने दुसऱ्या खिशात हात घातला. पीठ तिथं होतं. ते तिथं का होतं, हे विचारायचं दोघांनीही टाळलं.

संध्याकाळी त्यांनी शिडीच्या वरच्या पायऱ्यांवर आणि माळ्याच्या उंबऱ्यावर पिठाचा पातळ थर दिला. गवत चढवायची मागची दारं आतून बंद होती, त्यामुळे वर जायला दुसरी वाट नव्हती. मग तिघं जेवायला गेली.

जेवताना काकांचा मूड उत्तम होता. त्याचं कारण भिंतीवरच्या खुंटीला टांगलं होतं: एक रुंद काठाची जुनाट टोपी. ओढ्यापलीकडच्या शेजाऱ्यांची आणि काकांची दरवर्षी पैज लागे. ज्याचं गवत आधी माळ्यावर चढेल तो जिंकला, आणि हरणाऱ्याची टोपी वर्षभर जिंकणाऱ्याच्या खुंटीवर. गेली कित्येक वर्षं काकांची टोपी पलीकडे जाई. यंदा पहिल्यांदाच वारं फिरलं होतं.

“शेवटच्या दिवशी तो माझ्या पुढे होता बरं का!” काका सांगत होते. हे ते रोज सांगत. “आभाळ भरून आलेलं, ट्रॅक्टर चालवायला माणूस नाही, तो गेलेला पोरीला लस टोचायला! मी स्वतः ट्रॅक्टर चालवला आणि पावसाचा पहिला थेंब पडायच्या आत शेवटची ट्रॉली आत!”

“गवत पिळून बघितलं होतंत ना?” मावशीने विचारलं. तिचा प्लास्टरमधला पाय समोरच्या खुर्चीवर होता. गवत वाळवायच्या लाकडी घोडीवरून पडून तिचा पाय मोडला होता, त्यामुळे यंदाचे शेवटचे दिवस तिने खिडकीतूनच पाहिले होते.

“म्हणजे काय! खडखडीत वाळलेलं!” काका म्हणाले आणि त्यांनी भाजीचं भांडं पुढे ओढलं.

“पिळून म्हणजे?” शंकासुराने विचारलं.

“इथं नुसतं जमिनीवर टाकून गवत वाळत नाही, रे. ऊन कुठंय? म्हणून कापलं की घोड्यांवर टांगायचं, वाऱ्यावर. मग मूठभर घ्यायचं, पिळायचं आणि कानाशी धरायचं. कडकड वाजलं तर माळ्यावर. गप्प बसलं तर परत घोडीवर.” मावशीने हाताने पिळून दाखवलं. “माझी आई कान लावायची, आता मी लावते. यंदा तुझ्या काकांचा कान होता.”

* * *

सकाळी नाश्त्याच्याही आधी तिघं शिडीपाशी हजर झाली. ताई सगळ्यांत पुढे होती. वरच्या पायरीपाशी पोचताच ती थबकली.

“काय दिसतंय? बूट? चपला?” खालून खिशा कुजबुजला.

“पंजे,” ताई म्हणाली. “राणीसाहेबांचे. बाकी काही नाही.”

पीठ जसंच्या तसं होतं. रात्रभरात माळ्यावर एकही माणूस आला नव्हता. तरी वास कालच्यापेक्षा जास्त होता! आता त्यात काहीतरी करपल्याची झाक होती.

“म्हणजे कुणीच ओढत नाही आणि तरी वास वाढतोय,” शंकासूर सावकाश म्हणाला. “हे कसं?”

“ते नंतर! आधी माझं चॉकलेट!” खिशा ताईला ओलांडून वर गेला आणि राणीसाहेबांच्या शेजारी गवतात कोपरापर्यंत हात घालून चाचपू लागला. “तुम्ही यायच्या आधीच लपवून ठेवलं होतं. नाहीतर शंकासुराने... ईईई!”

त्याने हात बाहेर काढला. बोटं तपकिरी झाली होती आणि चॉकलेटचा कागद ओघळत होता.

“वितळलं! सगळंच्या सगळं!”

“इतक्या थंडीत?” शंकासूर म्हणाला. सकाळपासून तिघांच्या अंगात स्वेटर होते. “मी सांगतो, राणीसाहेब तिथंच का झोपतात ते! खिशा, गवत कसं लागतंय हाताला?”

“गरम,” खिशा म्हणाला आणि स्वतःच चमकला. “बरंच गरम आहे, रे!”

“खाली ये,” ताई म्हणाली. “आत्ताच्या आत्ता!”

तिघं दुधाच्या खोलीत येऊन बादल्यांवर बसली. शंकासुराच्या कपाळावर आठी होती. अशी आठी पडली की त्याला मध्ये टोकायचं नाही, हे ताईला माहीत होतं.

“शाळेच्या मैदानावरचं गवत कापलं होतं ना,” तो म्हणाला, “तेव्हा ओल्या गवताचा ढीग कोपऱ्यात टाकला होता. आमचा चेंडू त्यात गेला. मी हात घातला तर आत कढत! आतून वाफ येत होती. पण ते गवत ओलं होतं. इथलं तर खडखडीत वाळलेलं आहे.”

“असं काका म्हणतात,” ताई म्हणाली.

खिशा बोटं चाटता चाटता थांबला. “पैजेच्या शेवटच्या दिवशी गवत दाबायला बाबांनी मला माळ्यावर नाचायला लावलं होतं. तेव्हा माझे मोजे ओलेचिंब झाले. आई ओरडली, पावसात का गेलास म्हणून.”

“गेला होतास?”

“नाही! पाऊस तर नंतर आला!”

भिंतीपलीकडून दादांच्या मुलीच्या रडण्याचा आवाज येत होता आणि कुणीतरी ट्रंक सरकवत होतं.

* * *

“गवताला ताप येतो?” काका खो खो हसले. “छान! थर्मामीटर लावा त्याला! अरे, तंबाखूचा वास तो, या नाकाला कळतो. त्या माणसाची बाजू घ्यायला ही गोष्ट रचलीत, होय ना?”

“काका, तुम्ही एकदा वर तर चला!”

“मला कामं आहेत,” काका म्हणाले आणि खुंटीवरची टोपी झटकू लागले.

मावशी पाय दाखवायला दवाखान्यात गेली होती, ती परत यायला अवकाश होता. दुपारची बस मात्र कुणासाठी थांबणार नव्हती. तिघं अंगणात आली.

“सांगून ऐकणार नाहीत,” ताई म्हणाली. “मग काका कशाला नाही म्हणत नाहीत?”

“जेवणाला,” शंकासूर म्हणाला.

“पैजेला!” खिशा म्हणाला.

ताईने त्याच्या पाठीवर जोरात थाप मारली. खिशातला खिळा वाजला.

मग भराभर कामं झाली. कुंपणाची एक लांब लोखंडी सळई ओढत आणली गेली. शिडीवरच उभं राहून तिघांनी ती राणीसाहेबांच्या जागेखाली गवतात खुपसली, जाईल तेवढी आत, आणि तिथंच राहू दिली. राणीसाहेब नाराज होऊन निघून गेल्या. खिशा ओढ्यावरचा लाकडी पूल ओलांडून पलीकडच्या शेजाऱ्यांना बोलवायला पळाला, कारण पैजेला साक्षीदार हवाच. टोपी परत मिळायची संधी आहे म्हटल्यावर शेजारी चपला शोधत बसले नाहीत.

“काका!” ताईने हाक मारली. “खिशा म्हणतो, तुम्ही एक साधी सळई मी दहा मोजेपर्यंत हातात धरू शकणार नाही!”

“कोण म्हणतं?” काका बाहेर आले. शेजाऱ्यांना बघून त्यांची छाती दोन बोटं फुगली. “दहा? शंभर मोज! कुठंय सळई?”

“आणि हरलात तर?”

“तर याची टोपी याला परत!”

शंकासूर आणि खिशा शिडीवरून खाली उतरले. त्यांनी हाताला पोती गुंडाळली होती आणि सळई उचलून आणली होती. हे पोत्याचं काकांनी बघायला हवं होतं. पण पैज लागली की ते फारसं बघत नसत. त्यांनी सळईचं टोक मुठीत पकडलं.

“एक,” ताई म्हणाली. “दो—”

“अगं आई गं!” सळई दगडी फरशीवर खणखणत पडली. काका हात झाडत गोल गोल फिरू लागले. “कुणी तापवली ही? चुलीत घातली होतीत ना? कार्ट्यांनो!”

“चुलीत नाही, बाबा,” खिशा म्हणाला. “तुमच्या गवतात.”

शेजाऱ्यांचं हसू मावळलं. ते वाकले, सळईजवळ हात नेला आणि पटकन मागे घेतला. मग मान वर करून त्यांनी माळ्याच्या दिशेने वास घेतला.

“ओढ्याकाठची पट्टी,” ते म्हणाले. “पैज संपायच्या दोन दिवस आधी तू ती कापत होतास. पुलावरून मी पाहिलं होतं. ती घोड्यांवर टांगलीस कधी?”

काका भाजलेल्या हातावर फुंकर घालत राहिले.

“टांगलीस का?”

“मध्ये घातलं,” काका अगदी बारीक आवाजात म्हणाले. घरच्यांनी त्यांचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. “वरून वाळलेलं टाकलं. वाटलं, आपोआप सुकेल.”

“गाई बाहेर काढा.”

सगळे वळले. फाटकातून मावशी कुबड्यांवर येत होती. तिने किती ऐकलं होतं कोण जाणे, पण पुरेसं ऐकलं होतं. “आधी गाई बाहेर. मग आगीच्या बंबाला फोन. बंब येईपर्यंत गवताला कुणी हात लावायचा नाही. आतला निखारा उघडा पडला, वारं लागलं, की भडका! आणि माळ्यावर कुणीही पाऊल टाकायचं नाही. आतून जळून पोकळ झालं असेल, तर माणूस सरळ आत जाईल.”

सकाळी आपण कुठं हात घालून बसलो होतो, हे आठवून खिशाच्या तोंडचं पाणी पळालं.

“दादा!” ताई ओरडली. “दादांना बोलवायला हवं!”

“तो गेला बसच्या थांब्यावर,” काका म्हणाले.

ताई धावत सुटली. रस्त्यावर चिखल होता. एक बूट रुतला तो तिने तिथंच सोडला. थांब्यापाशी दादा ट्रंकेवर बसले होते, मुलगी मांडीवर होती आणि बायको रस्त्याकडे बघत होती. वळणावर बस दिसत होती.

“दादा, माळा पेटतोय! तुमच्यामुळे नाही! गवत ओलं होतं! गाई...”

दादांनी पुढचं ऐकलं नाही. मुलीला आईच्या हातात दिलं आणि ते पळाले. बस थांबली, चालकाने ट्रंकेकडे, बायकोकडे आणि एका बुटातल्या ताईकडे पाहिलं आणि कुणीच चढत नाही म्हटल्यावर निघून गेला. ट्रंक तिथंच ठेवून ताई दादांच्या बायकोला आणि मुलीला घेऊन परत निघाली.

* * *

गाई पावसात उभ्या राहून घडलेल्या गोष्टीचा निषेध करत होत्या. दादांनी एकेकीला दाव्याने बाहेर आणलं. सगळ्यांत शेवटी आली ती गाभण गाय. तिला घाई करता येत नव्हती आणि दादांनी ती केलीही नाही. तराफ्याची पिंपं ओढ्याच्या पाण्याने भरून दारापाशी रांगेने लागली. शेजाऱ्यांनी आपला पंप आणला, घरची माणसं आणली, दाताळी आणली.

बंब आला. लाल हेल्मेटवाले मुख्य अधिकारी सळईकडे एकदा बघून म्हणाले, “बरं.” मग माळ्याची मागची दारं उघडली. पाण्याचा फवारा मारत मारत माणसं दाताळ्यांनी कडेकडेने गवत ओढून काढू लागली आणि दादा ते ट्रॅक्टरने लांब, ओल्या शेतात नेऊन टाकू लागले. आधी पिवळं गवत आलं, मग तपकिरी, मग काळं. पाचवा-सहावा ढीग शेतात पडला आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्याने पेट घेतला. भर पावसात.

काका त्या ज्वाळेकडे बघत राहिले. ती विझली तरी ते तिथंच होते.

संध्याकाळपर्यंत माळा अर्धा रिकामा झाला. उरलेलं गवत थंड होतं. गोठा उभा होता. गाई आत गेल्या.

“हे कुणी ओळखलं?” अधिकाऱ्यांनी हेल्मेट काढत विचारलं.

“मुलांनी,” मावशी म्हणाली.

“शाबास! आम्ही बहुतेक ठिकाणी राख मोजायला पोचतो. आज पहिल्यांदा गोठा बघायला मिळाला. काय वापरलंत?”

“पीठ, सळई आणि मांजर,” शंकासूर म्हणाला.

“आणि माझं चॉकलेट,” खिशाने दुःखाने भर घातली.

काका दादांसमोर येऊन उभे राहिले. दादांचा चेहरा धुराने काळा झाला होता. काकांनी दोनदा घसा साफ केला.

“मी कालपासून तुझ्या तोंडाचा वास शोधत होतो,” ते म्हणाले. “वास माझ्याच कामाचा होता. चुकलं माझं. ट्रंक मी स्वतः उचलून आणतो.”

“एकट्याला उचलणार नाही, मालक,” दादा म्हणाले. “पाळणा पण आहे त्यात.” मग दोघं मिळून थांब्याकडे गेले.

शेजाऱ्यांची टोपी त्यांच्या डोक्यावर परत गेली. काकांनी आपली टोपीही पुढे केली. शेजाऱ्यांनी ती घेतली नाही. “यंदा कुणीच जिंकलं नाही,” ते म्हणाले, “आणि तुझी टोपी मला मोठी होते.” तुझ्या गाईंना कमी पडेल ते गवत माझ्या माळ्यावरून ने, असंही जाता जाता सांगून गेले.

* * *

नंतरच्या दिवसांत दादांनी जास्तीच्या घोड्या ठोकल्या आणि ओढ्याकाठी पुन्हा वाढलेलं गवत कापून त्यांवर चढलं. तराफाही झाला, तो तरंगला आणि खिशा बुडाला, पण ओढा गुडघ्याएवढाच होता.

मग एके दुपारी पुन्हा आभाळ भरून आलं. डोंगरावरून पावसाचा पडदा सरकताना दिसत होता. ट्रॉली उभी होती, ट्रॅक्टर सुरू होता, दाताळी घेऊन सगळे तयार होते. मावशी कुबड्यांवर शेताच्या कडेला आली. तिने घोडीवरून मूठभर गवत ओढलं आणि ताईच्या हातात दिलं.

“मी?”

“तूच. सांग काय म्हणतंय ते.”

ताईने गवत पिळलं आणि कानाशी धरलं. सगळे तिच्याकडे बघत होते. काकांची नजर ढगांवर होती, पण त्यांनी ओठ घट्ट मिटले होते. तिने पुन्हा पिळलं. गवत गप्प होतं. ते वाजावं असं तिला फार वाटत होतं, पण ते वाजलं नाही.

“नाही,” ती म्हणाली. “अजून नाही.”

पावसाचे पहिले थेंब पडले. कुणीतरी बोलणार, असं ताईला वाटलं. पण काकांनी पुढे होऊन तिच्या हातातलं गवत घेतलं, ते नीट झटकलं आणि परत घोडीवर टांगलं. मग दादांना खूण केली, “बंद कर ट्रॅक्टर. उद्या बघू.”